अंधारातली उंची

दसऱ्याला घट हलवताना त्यातलं धान कधी नीट न्याहाळलंय? नऊ दिवस देवघराच्या कोपऱ्यात, समईच्या उजेडात वाढलेली गव्हाची रोपं चांगली वीतभर झालेली असतात. रंग फिकट पिवळा, काड्या लुसलुशीत, हात लावला की आडव्या होणाऱ्या. हाच पिवळा तुरा आपण टोपीत खोवतो, केसांत माळतो. त्याच दिवशी त्याच गव्हाचे दाणे अंगणात कुंडीत पेरून पाहा. ती रोपं हिरवीगार आणि ताठ होतील, पण उंचीत मात्र घटातल्या रोपांच्या मागे पडतील.

आता आपला नेहमीचा धडा आठवू. वनस्पती प्रकाशात अन्न तयार करतात, अन्न मिळालं की वाढ होते. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, “तसं असेल तर अंधारातलं रोप खुरटं राहायला हवं. ते जास्त उंच कसं?”

अशा वेळी आपल्या तोंडून बहुधा दोनपैकी एक उत्तर जातं. पहिलं, “रोप उजेडाच्या शोधात वर जातं.” दुसरं, “अन्न मिळत नाही म्हणून अशक्त होऊन लांबतं.” पहिल्या उत्तरात आपण रोपाला माणसासारखा हेतू चिकटवतो आणि प्रश्न तिथेच बंद करतो. दुसरं उत्तर शास्त्रीय वाटतं खरं, पण ते चुकीचं असल्याचं एका साध्या प्रयोगाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे. तो प्रयोग समजण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

लाकडी नळीतला वाटाणा

झाडं खिडकीकडे झुकतात, तळघरात पिवळी पडतात, हे माळ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. इंग्लंडमधल्या जॉन रे यांनी १६८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात याची चर्चा केली. झुकण्याचं कारण त्यांनी तापमान असं दिलं. उघड्या खिडकीकडची बाजू गार असते, म्हणून ती कमी वाढते आणि खोड तिकडे वाकतं, असा त्यांचा तर्क होता.

लांबण्याच्या कारणाचा नीट छडा लावायला सुरुवात केली ती जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी. त्यांचा पानांवरचा ग्रंथ १७५४ साली निघाला. बोने यांनी वाटाणे तीन प्रकारे वाढवले: एक उघड्यावर, एक बंद काचेच्या आवरणात आणि एक बंद लाकडी आवरणात. कोंडलेपणामुळे रोप लांबत असेल, तर काचेतलं आणि लाकडातलं अशी दोन्ही रोपं सारखीच लांबायला हवीत. पण काचेतलं रोप उघड्यावरच्या रोपासारखंच झालं. लांबलं आणि पिवळं पडलं ते फक्त लाकडातलं. म्हणजे कारण हवा नव्हे, उजेडाचा अभाव. इतका साधा प्रयोग, पण त्यात तुलनेचं भान किती पक्कं आहे पाहा. फ्रेंच माळी या अवस्थेला ‘एतिओलमां’ म्हणत. तोच शब्द पुढे शास्त्रात रुळला.

१७७९ साली यान इंगेनहाउझ यांनी दाखवलं की वनस्पतींचे हिरवे भाग फक्त उजेडातच ऑक्सिजन सोडतात. पुढे प्रकाशसंश्लेषणाचं चित्र स्पष्ट होत गेलं, तसा प्रकाश म्हणजे झाडाचं इंधन हा विचार घट्ट झाला. मग अंधारातलं रोप हे उपाशी रोप, असं वाटणं स्वाभाविकच होतं.

उपाशी, तरी आखूड

पोलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल गोड्लेव्स्की यांनी १८७० च्या दशकात या समजुतीची परीक्षा घेतली. त्यांनी मुळ्याची रोपं उजेडात ठेवली, पण भोवतालच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला. उजेड आहे, पण अन्न बनवायला कच्चा माल नाही. उपासमारीने रोप लांबत असेल, तर ही रोपं लांबायला हवी होती. तसं झालं नाही. ती आखूडच राहिली, त्यांच्या दलिका उघडल्या आणि हिरव्या झाल्या. अंधारातली रोपं मात्र नेहमीप्रमाणे लांबली.

याचा अर्थ जरा थांबून लक्षात घ्यायला हवा. प्रकाश रोपाला अन्न मिळवून देतो, हे खरंच. पण याशिवाय तो आणखी काहीतरी करतो, आणि त्या कामाचा अन्नाशी थेट संबंध नाही. रोपाच्या दृष्टीने प्रकाश ही एक बातमी आहे: “तू जमिनीबाहेर आला आहेस.”

ही बातमी मिळेपर्यंत रोपाने काय करावं? बियाण्यातला शिधा मोजका असतो. मातीखाली पानं पसरण्यात आणि हरितद्रव्य बनवण्यात तो खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून अंधारात सगळा शिधा खोडाच्या लांबीवर लागतो. पेशींची संख्या फारशी वाढत नाही, असलेल्या पेशीच ताणल्या जातात. मूग-वाटाण्यासारख्या रोपांची मान वाकलेली राहते, त्यामुळे नाजूक शेंडा मातीला घासत नाही. अंधारातली उंची हे आजारपण नाही, काटकसरीचं अंदाजपत्रक आहे. बिघडतं ते एवढंच की देवघराला ‘जमिनीबाहेर’ हा टप्पा जवळपास नसतोच. रोप शिधा संपेपर्यंत लांबत राहतं आणि मग कोलमडतं.

बातमी येते कुठे?

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर पुस्तक लिहिलं. कॅनरी गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या टोकावर त्यांनी अपारदर्शक टोप्या घातल्या. टोक झाकलं की अंकुर उजेडाकडे वाकत नसे. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर मात्र वाके. उजेड जाणवतो टोकाला आणि वाक येतो खाली, म्हणजे मधून काही निरोप जात असला पाहिजे. त्या काळचे मोठे जर्मन शास्त्रज्ञ युलियस झाक्स यांना हे मुळीच पटलं नाही. पण १९२० च्या दशकात हॉलंडमधल्या उट्रेख्टला फ्रिट्स वेंट यांनी तो निरोप अगारच्या तुकड्यात अक्षरशः पकडून दाखवला. त्या द्रव्याला पुढे ऑक्झिन हे नाव मिळालं.

निरोप्या सापडला. पण बातमी मुळात वाचतो कोण? उजेड पकडायचा तर एखादं रंगद्रव्य हवं. ते कोणतं?

या शोधाला बळ मिळालं ते एका वेगळ्याच प्रश्नातून. पॅरिसमध्ये झ्यूलियॅं तूर्नवा यांना १९१२ च्या सुमारास दिसलं की भांग आणि हॉप या वनस्पतींना रोज थोडेच तास उजेड दिला तर त्या लवकर फुलतात. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले आणि काम अर्धवट राहिलं. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दिवस-रात्रीच्या लांबीचा हा नियम पक्का केला. पुढे त्याच खात्याच्या मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि पार्कर यांनी विचारलं: नेमका कोणत्या रंगाचा प्रकाश हे काम करतो? कार्बन दिव्याचा झोत मोठ्या लोलकांतून पाठवून त्यांनी खोलीभर रंगांचा पट्टा पसरला आणि त्यात रोपांची ओळ मांडली. १९४९ साली त्यांनी वेंट यांच्यासोबत दाखवलं की अंधारात वाढलेल्या वाटाण्याची लांबण थांबवणारा आणि फुलण्यावर परिणाम करणारा रंग एकच आहे: लाल.

१९५२ साली लेट्यूसच्या बियांनी आणखी चकित केलं. लाल प्रकाशाचा झोत दिला की बिया रुजत. त्यानंतर डोळ्यांना जेमतेम दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश दिला (त्याला आपण दूरलाल म्हणू), तर रुजत नसत. पुन्हा लाल दिला की रुजत. कितीही वेळा आलटून पालटून दिला, तरी शेवटचा झोत कोणता, यावर निकाल ठरे. म्हणजे विजेच्या बटणासारखं दोन स्थितींत फिरणारं एकच रंगद्रव्य असणार. पण ते कुणी पाहिलं नव्हतं. ‘हे तर कल्पनेतलं रंगद्रव्य’ अशी थट्टाही झाली.

आणि ते सापडलं कुठे? हिरव्या पानात शोधावं तर हरितद्रव्याच्या गर्दीत काही दिसेना. म्हणून १९५९ साली बटलर, नॉरिस, सीगलमन आणि हेंड्रिक्स यांनी मक्याची अंधारात वाढलेली, घटातल्या धानासारखी फिकट रोपं घेतली. लाल झोत दिल्यावर त्यांचं प्रकाशशोषण बदललं, दूरलाल दिल्यावर पूर्ववत झालं. एक रूप सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषणारं, दुसरं सुमारे ७३० नॅनोमीटरचा दूरलाल शोषणारं. या रंगद्रव्याला नाव मिळालं फायटोक्रोम. आपण ज्याला अशक्त म्हणतो, त्याच पिवळ्या रोपाने साक्ष दिली.

निळ्या प्रकाशाची बातमी वाचणारा रेणू मात्र बराच काळ हाती लागला नाही. १९८० साली हॉलंडच्या कोर्नेफ आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीची उजेडातही लांबणारी उत्परिवर्तित रोपं गोळा केली होती. त्यांपैकी एकाचं बिघडलेलं जनुक १९९३ साली अहमद आणि कॅशमोर यांनी ओळखलं, आणि क्रिप्टोक्रोम उजेडात आलं. याउलट जोआन कोरी आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली असं उत्परिवर्तन वर्णन केलं, की ज्यातलं रोप गडद अंधारातही आखूड राहतं आणि पानं उघडतं. म्हणजे अंधारातली लांबण ही नुसती आपोआप होणारी गोष्ट नाही. रोप ती योजना मुद्दाम चालू ठेवतं आणि प्रकाश तिला लगाम घालतो.

शेजाऱ्याची चाहूल

ही बातमी उगवल्यानंतरही वाचली जात असते. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूरलाल बराचसा सोडून देतात किंवा परतवतात. त्यामुळे दाट हिरवळीत लालचं प्रमाण घटतं. इंग्लंडमध्ये हॅरी स्मिथ यांनी १९७० च्या दशकापासून दाखवलं की रोपं हे प्रमाण मोजतात आणि त्यानुसार लांबतात. अर्जेंटिनातल्या बालारे आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं की प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच, शेजारच्या पानांवरून परतलेल्या दूरलालवरून रोप शेजाऱ्याला ओळखतं. मिरची-टोमॅटोच्या गादीवाफ्यावर बी दाट पडलं की रोपं काटकुळी का होतात, याचं एक मोठं कारण हेच.

आज घरात तंबू उभारून एलईडी दिव्यांखाली रोपं वाढवणारे लोक अनेक देशांत आहेत. कुणी भाजीपाला लावतो, तर कायदा परवानगी देतो तिथे कुणी भांगही. नवख्याची पहिली अडचण बहुतेक एकच असते: रोपं लांबली आणि आडवी झाली. उपाय या इतिहासातच आहे. दिवा बेताने जवळ आणावा, त्यात निळा प्रकाश पुरेसा असावा, रोपं विरळ करावीत. खत वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण अडचण अन्नाची नसून बातमीची आहे. वाऱ्याची झुळूकही उपयोगी पडते. हात फिरवल्याने किंवा हलवल्याने खोडं आखूड आणि जाड होतात, हे जॅफी यांनी १९७३ साली मांडलं. जपानी शेतकरी तर फार पूर्वीपासून गहू-सातूची कोवळी रोपं मुद्दाम तुडवत आले आहेत. एकदा लांबलेलं खोड मात्र पुन्हा आखूड होत नाही. त्याला आधार द्यावा, टोमॅटो असेल तर खोलवर लावावा.

वर्गात करून पाहा

तीन वाट्यांत ओल्या कापसावर मूग पेरा. एक वाटी खिडकीत ठेवा. दुसरी कपाटात, अजिबात न उघडता. तिसरीही कपाटातच, पण रोज दहा मिनिटं तिला उजेडात आणा. आठवड्याने तिन्ही शेजारी ठेवा. दहा मिनिटांत अन्न ते कितीसं बनणार? तरीही तिसऱ्या वाटीतल्या रोपांच्या माना सरळ होऊ लागलेल्या, पानं थोडी उलगडलेली आणि लांबी दुसऱ्या वाटीपेक्षा कमी दिसेल. फरक का पडला, हे लगेच सांगू नका. मुलांना आधी भांडू द्या. ‘उजेड म्हणजे अन्न’ एवढ्यावर भागत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेल.

आणि पुढच्या दसऱ्याला टोपीत तुरा खोवताना कुणी विचारलंच, की हा इतका उंच कसा, तर सांगता येईल: त्याला अजून बाहेरची बातमी पोचलेली नाही.