शंभर रुपयांच्या चांदीच्या नाण्यात चांदी नेमकी किती असते?

डिसेंबर १९३६. यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित नेहरू आणि महात्मा गांधीही हजर होते. पुढे हे दोघेही भारत सरकारच्या चांदीच्या स्मारक नाण्यांवर झळकले. गांधीजी १९६९ मध्ये, नेहरू १९८९ मध्ये, दोघेही आपापल्या जन्मशताब्दीला.

असं एखादं नाणं तुमच्या घरी असेल, तर जळगावच्या सराफ बाजारात नेण्याआधी थोडा हिशोब करा.

गांधीजींचं नाणं १० रुपयांचं. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. त्यावर १८६९-१९४८ असं छापलंय, म्हणून अनेकांना ते १९४८ चं वाटतं. ती गांधीजींच्या जन्म-मृत्यूची वर्षं आहेत. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविशीला पुन्हा १० रुपयांचं नाणं आलं. वजन २२ ग्रॅमच्या पुढे गेलं, पण चांदी ५० टक्क्यांवर आली. नाणं मोठं झालं आणि चांदी उलट घटली!

नेहरूंचं १०० रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, तेही निम्मंच चांदीचं. म्हणजे हातात येते साडेसतरा ग्रॅम. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणंही असंच: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त २०२४ मध्ये आलेलं ९० रुपयांचं नाणं मात्र शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं.

मग संग्राहक जास्त पैसे का मोजतात? नाणं किती पाडलं गेलं, टांकसाळीचं मूळ पाकीट शाबूत आहे का आणि ते प्रूफ आहे का, यावर भाव ठरतो. प्रूफ म्हणजे खास घासलेल्या साच्यातून पाडलेलं, आरशासारखं चकाकणारं नाणं. नवी नाणी सरकारी टांकसाळीच्या वेबसाइटवर बुक करता येतात, पण दर्शनी किमतीला मिळत नाहीत.

सराफाकडचं लक्ष्मी-गणपतीचं ‘नाणं’ यात धरू नका. त्यावर ना अशोकस्तंभ, ना रुपयांचा आकडा. ती चांदीची चकतीच. आणि सरकारी नाणं वितळवायला देऊ नका, २०११ च्या नाणे कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

देवघरातली चांदी घासतो तसं रांगोळीने किंवा टूथपेस्टने नाणं घासायचं नाही. काळपटपणा चालतो, ओरखडे चालत नाहीत. संग्राहक ते लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. कडेला धरूनच उचला.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ असा मेसेज आला आणि आधी कमिशन किंवा टॅक्स मागितला, तर सरळ ब्लॉक करा. आपल्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.