ग्रॅनोला : संयमाच्या घासापासून संततीच्या आशेपर्यंत

ओट, बदाम, जवस, भोपळ्याच्या बिया आणि मध एकत्र कालवून मंद आचेवर भाजले की ग्रॅनोला तयार होतो. अलीकडे आपल्याकडच्या काही घरांतूनही तो केला जातो, आणि त्यामागे कधी कधी एक न बोललेली आशा असते. याने संप्रेरकांचा तोल सांभाळला जाईल, दिवस राहतील, पाळणा हलेल. गंमत अशी, की ज्यांनी हा पदार्थ जन्माला घातला त्यांना माणसाची कामवासना थंड करायची होती!

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम (१७९४–१८५१) नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. मांस, मद्य आणि मसाले यांनी देह तापतो व विकार बळावतात, असे ते सांगत. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव. आपल्याकडील सात्त्विक आणि राजस आहाराची कल्पना वाचकांना येथे आठवेलच. याच पठडीतले डॉ. जेम्स केलेब जॅक्सन न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल येथे जलोपचाराचे आरोग्यधाम चालवीत. १८६३ साली त्यांनी या पिठाच्या वड्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून ‘ग्रॅन्युला’ केला. तो इतका टणक, की रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसे.

पुढे मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी गहू, ओट व मका यांचे तसेच मिश्रण काढले आणि नावही तेच ठेवले. जॅक्सन यांनी कायदेशीर हरकत घेतल्यावर नाव बदलून ‘ग्रॅनोला’ झाले. साध्या, बेचव आहाराने वासना आवरते असे केलॉगही मानीत. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. चाळीसहून अधिक मुलांना मात्र पतिपत्नींनी आपल्या घरात वाढवले, हे त्यांच्या खाती जमा धरायलाच हवे.

मग धान्याच्या घासाशी संततीची आशा जोडली गेली कशी? १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांना असे आढळले, की विशिष्ट कृत्रिम आहारावर वाढवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो, पण टिकत नाही. हिरवा पाला किंवा गव्हाचे अंकुर खाऊ घातले की पिल्ले होतात. त्यातील द्रव्य म्हणजे ई जीवनसत्त्व. ‘अपत्यजन्म’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला टोकोफेरॉल हे नाव मिळाले. नाव आशादायक खरे, पण उंदरांचा हिशेब माणसाला तसाच लागू पडला नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन तरुणांनी अख्ख्या धान्याचा पुन्हा पुरस्कार केला, तेव्हा ग्रॅनोलाही मध आणि सुका मेवा घेऊन नव्या रूपात परतला.

गर्भाच्या खरोखर उपयोगी पडलेल्या एका शोधाचा उगम मात्र आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली डॉ. लूसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका तेथे आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब, गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचे कारण तिने त्यांच्या ताटात शोधले. यीस्टपासून केलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले, आणि १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्या गुणाचे मूळ द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढून त्याला हे नाव दिले गेले. पन्नास वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने सिद्ध केले, की गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यास बाळाच्या मेंदूचे व पाठीच्या कण्याचे काही गंभीर जन्मदोष पुष्कळ टळतात. म्हणून आज मूल हवे असणाऱ्या स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवली जाते. तिने दिवस राहतात असे नव्हे, राहिलेला गर्भ सुरक्षित होतो. दाव्यात आणि ज्ञानात फरक असतो तो असा.

आपल्या आज्यांचा दावाही मर्यादितच होता. आपण ज्याला डिंकाचे लाडू म्हणतो आणि शेजारचे कन्नड घर अंटिन उंडी म्हणते, ते बाळंतिणीची झीज भरून काढण्यासाठी. अमुक खाल्ले नाहीस म्हणून मूल नाही, असा ठपका मात्र कोणत्याही लाडवाच्या वा ग्रॅनोलाच्या नावाने सुनेवर ठेवू नये. कारण पुरुषाकडेही तितकेच असू शकते.

तेव्हा चार वाट्या ओट, वाटीभर बदाम व बिया, अर्धी वाटी मध किंवा आपल्या भागातली काकवी आणि दोन चमचे तेल घेऊन ग्रॅनोला खुशाल करावा, आणि घरातल्या सर्वांनी खावा. नाश्ता म्हणून तो उत्तमच. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असून सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे जावे. दोघांनी बरोबर जावे.