नांतय, रोबेर

(१६२३–१६७८). फ्रेंच व्यक्तिचित्र-उत्कीर्णक. जन्म रँस येथे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या व्यक्तिचित्रांची कला त्याच्या हातून परिपक्व झाली. समोर बसलेल्या व्यक्तीचे रेखाटन वा पेस्टल चित्र तो आधी करी. मग कोरणीने पत्र्यावर उलटी प्रतिमा कोरली जाई. खाचांत शाई भरून, वरची पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्राने ठसा घेत. चेहऱ्यासाठी बारीक तुटक रेषा हा त्याचा खास विशेष. एकट्या काळ्या शाईत त्वचेचा मऊपणा आणि रेशमाची झळाळी वेगवेगळी जाणवावी, हे आजही थक्क करणारे आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचे मंत्री माझारँ व कोलबेर यांची त्याने केलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. १६६० च्या राजाज्ञेने फ्रान्समधील उत्कीर्णनकला कारागीर-संघांच्या बंधनांतून मुक्त झाली. त्यामागे नांतयच्या प्रभावाचा वाटा मानतात.