तर्काचा पहिला तास

१८७० च्या दशकात गोपाळ गणेश आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होते. अंगावरचा सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, इतकी ओढग्रस्त परिस्थिती होती. पण वाचनात मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत होते. रूढी पाळण्याआधी तिचे कारण विचारायचे, ही सवय या वाचनाने पक्की झाली आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ या त्यांच्या साप्ताहिकातून ती महाराष्ट्रभर पोहोचली.

त्या काळी कॉलेजातले तत्त्वज्ञान इंग्रजीतून चाले आणि भर युरोपवर असे. १९१६ मध्ये प्रताप शेठ यांनी खानदेशात, अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तिथे वेदान्ताला मानाचे स्थान मिळाले. साने गुरुजीही शिक्षक होण्यापूर्वी तिथे अभ्यासाला होते.

युरोपीय आणि भारतीय, दोन्ही परंपरा तर्काच्या तासाला शेजारीशेजारी दिसतात. ॲरिस्टॉटलच्या पद्धतीत तीन विधाने पुरतात: सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. न्यायदर्शनात पाच पायऱ्या लागतात. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. स्वयंपाकघराचा दाखला महत्त्वाचा, कारण तो समोरच्याला पटवण्यासाठी असतो.

१९७४ मध्ये दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड प्रसिद्ध झाले. न्यायदर्शनाचे गौतम आणि युरोपचा कांट, दोघेही विद्यार्थ्यांना मायबोलीत एकाच ग्रंथात भेटू लागले.