डायनॅमिक रेंज
ध्वनिपट्टीतील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामधले अंतर. ते डेसिबलमध्ये मोजतात. होम थिएटर रिसीव्हरवर हे अंतर आवळण्याची सोय असते. कंपनीगणिक तिचे नाव बदलते: डायनॅमिक कॉम्प्रेशन, डी रेंज, लेट नाइट. पर्याय बहुधा ऑफ, ऑटो, लो, मीडियम, हाय असे.

चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीवर संवाद साधारण 74 डेसिबलला ऐकू येतात आणि एका मुख्य स्पीकरमधला धडाका 105 पर्यंत जातो. घरच्या हॉलमध्ये एवढा आवाज सहसा कोणी ठेवत नाही. तो 20 डेसिबलने उतरवला की संवाद 54 वर येतात, कुजबुज चाळिशीच्या आसपास. जळगाव-धुळ्याकडे थंडीत, दारे-खिडक्या लावून बसल्यावर, तेवढी पुरते. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की खिडकीतला पत्र्याचा कूलर बंद करण्याची सोय नसते. त्याचा पंखा आणि ताट्यांवरून गळणारे पाणी मिळून पंचावन्न-साठ डेसिबलची घरघर सहज होते. तिच्यात कुजबुज बुडते, संवादातले शब्दही गळतात. आवाज वाढवावा, तर पुढच्या हाणामारीत भिंती हादरतात. म्हणून खानदेशात ही सेटिंग ऋतूप्रमाणे बदलावी हे बरे.

डॉल्बी डिजिटलमध्ये कुठे किती दाबायचे याच्या सूचना ध्वनीच्या प्रवाहातच असतात; रिसीव्हर त्या पाळतो किंवा सोडून देतो. ‘फिल्म स्टँडर्ड’ या रूढ आराखड्यात मोठा आवाज 24 डेसिबलपर्यंत खाली येऊ शकतो, हळू आवाज मात्र जास्तीत जास्त 6 ने वर उचलला जातो. त्यामुळे नुसते कॉम्प्रेशन लावून कूलरखाली दबलेली कुजबुज वर येत नाही. धडाके छाटले गेल्यावर एकूण आवाज निर्धास्त वाढवता येतो, खरा फायदा तो. रात्री मात्र, 10 ते सकाळी 6 या वेळेत, निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा घालणारे 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच. भिंतीला भिंत लागून असलेल्या वसाहतीत सबवूफरचा आवाज वेगळा उतरवावा लागतो.

कॉम्प्रेशनची किंमतही मोजावी लागते. ‘ओपनहायमर’मध्ये (2023) चाचणीस्फोटाचा उजेड आधी दिसतो, बराच वेळ शांतता राहते, मग आवाज आदळतो. ‘हाय’वर तो शेजारच्या खोलीत दार आपटल्याएवढा उरतो.

सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल, तर टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स पीसीएम, म्हणजे आधीच उलगडलेला ध्वनी, पाठवत असण्याची शक्यता मोठी. तिथे डॉल्बीच्या सूचना रिसीव्हरपर्यंत पोहोचतच नाहीत. बॉक्सच्या ऑडिओ मेनूत बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू निवडावे. काही रिसीव्हरवर असणारे ऑडिसी कंपनीचे डायनॅमिक व्हॉल्यूम निराळे. ते स्वतःच आवाजाचा चढउतार जोखते, त्यामुळे पीसीएमवरही चालते. ‘ऑटो’ म्हणजे ‘ऑफ’ नव्हे: डॉल्बी ट्रूएचडीमध्ये डिस्क सांगेल तसे ऑटोवर दाबले जाते. डिसेंबरात पूर्ण आवाज हवा असेल, तर ‘ऑफ’च निवडावे.