शिगेकडे नीट पाहा

नोव्हेंबर १९५३. टोकियोतल्या एका चित्रपटगृहात तुम्ही गर्दीत अंग चोरून बसला आहात. अमेरिकेचा ताबा उठून दीडच वर्ष झालंय. मार्च १९४५च्या एका रात्रीत या शहराचा केवढा तरी भाग जळून गेला होता, तिथे आता नवी घरं, दुकानं उभी राहताहेत. दिवे मालवतात. पडद्यावर शोचिकु कंपनीचा फुजी पर्वत येतो आणि यासुजिरो ओझुंचा ‘टोकियो मोनोगातारी’ सुरू होतो.

दूरच्या ओनोमिचीचं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे निघालंय. सामान बांधताना हवेची उशी सापडत नाही. तुझ्याकडेच दिली होती, असं म्हातारा बायकोला ठासून सांगतो आणि ती त्याच्याच सामानात निघते. सभागृहात हशा पिकतो, तुम्हीही हसता. कॅमेरा इतका खाली ठेवलाय की तुम्ही त्यांच्याच चटईवर मांडी घालून बसल्यासारखे आहात. म्हाताऱ्याचं काम करणारे चिशू र्यू पन्नाशीचेही नाहीत, यावर तुमचा विश्वास बसत नाही.

टोकियोत मोठा मुलगा डॉक्टर. सगळे फिरायला निघणार, तेवढ्यात एका आजारी पोरासाठी बोलावणं येतं. मुलगी शिगे केशभूषेचं दुकान चालवते. नवऱ्याने सासू-सासऱ्यांसाठी महागाचा खाऊ आणला म्हणून ती कुरकुरते. गिऱ्हाईक विचारतं, ही कोण माणसं? गावाकडचे ओळखीचे, असं ती सांगते. सभागृह एकदम गप्प होतं.

मग नोरिको. युद्धात गेलेल्या मुलाची बायको. कचेरीतून रजा काढून ती दोघांना शहर दाखवते, शेजारणीकडून साके उसनी आणते. तिच्या एका खोलीच्या घरात नवऱ्याचा फोटो आहे. पुढे एका रात्री सासू त्याच खोलीत, गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपते. तुमच्या शेजारची बाई रुमाल काढते. तिच्या घरी कुणाचा फोटो आहे, हे तुम्ही विचारत नाही.

आई जाते. शिगे ओक्साबोक्शी रडते आणि जेवताना आईचा किमोनो मागून घेते. धाकटी क्योको संतापते, तुम्हीही. तिची समजूत घालते ती मात्र नोरिकोच: मुलांचा स्वतःचा संसार वाढतो, तशी ती आईबापांपासून दूर जातात. शिगेची बाजू ओझुंनी सर्वांत मायाळू माणसाच्या तोंडी दिली, यातच मला त्यांचं मोठेपण दिसतं. काळही बदललाय: घरच्या कर्त्याचा कायदेशीर अधिकार युद्धानंतरच्या नव्या कायद्याने नुकताच संपवलाय; शहरात ज्याने त्याने आपापलं पोट भरायचंय. ओझु कुणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत.

हा सिनेमा जरूर पाहा. नोरिकोला तर तुम्ही जीव लावालच. पण शिगेला नावं ठेवण्याआधी तिचं ते रडणं पुन्हा एकदा पाहा. ते खरं आहे.