युरो क्षेत्रातील सेवांची महागाई

१२. सेवांची महागाई : मूळ मजकुरातील हा आकडा युरो चलन वापरणाऱ्या देशांचा एकत्रित आहे. प्रत्येक देशाचे सांख्यिकी कार्यालय घरभाडे, केस कापणे, हॉटेलातील जेवण, विमा, बसभाडे यांचे दर टिपते. त्यांवरून समान नियमांनी काढलेले निर्देशांक पुढे युरोस्टॅट ही युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था एकत्र करते. कोणत्या देशाला किती भार द्यायचा, हे तेथील कुटुंबांच्या उपभोगखर्चावरून दरवर्षी ठरते. म्हणून जर्मनीतील दरवाढ एकूण आकडा माल्टातील दरवाढीपेक्षा कितीतरी अधिक हलवते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ईस्टर कधी मार्चअखेरीस, तर कधी एप्रिलमध्ये येतो आणि त्या सुट्टीत सहलींचे व विमानप्रवासाचे दर चढतात. त्यामुळे मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना फसवी ठरू शकते. मार्च-एप्रिलची सरासरी पाहणे बरे. दुसरे असे, की भाडेकरू देतो ते भाडे यात धरतात, पण स्वतःच्या घरात राहणाऱ्याचा घरखरेदीचा खर्च धरत नाहीत. तो समाविष्ट करावा, अशी शिफारस युरोपीय मध्यवर्ती बँकेने जुलै २०२१ मध्ये केली. निवारा ही कुटुंबाची मूलभूत गरज असल्याने ही उणीव लक्षात घेऊनच या प्रकरणातील आकडे वाचावेत. — संपादक